मुठीएवढी किडनी आणि आमचं बाकडं

माणसाला एका जागी नुसतं बसवून ठेवलं की गोष्टी आपोआप जमतात. हिंगणघाटला सरकी काढायच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तसंच. गाडीवाले सावलीत पडून बोलत राहतात, आणि नंबर येईपर्यंत अर्ध्या जिल्ह्याची खबर इकडची तिकडे होते. आमचीही रांगच होती. फक्त ती डायलिसिसच्या दारासमोर होती!

माझा मुलगा विलास मोटारपंप दुरुस्त करतो. समुद्रपूरच्या जवळ आमचं गाव. त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या, म्हणून आठवड्यातून तीन दिवस आम्ही सेवाग्रामच्या बाजूला एका दवाखान्यात जायचो. तो चार तास आत मशीनवर, मी बाहेर बाकड्यावर. सून मंगला घर आणि दुकान सांभाळायची. बाकड्यावर सगळे आमच्यासारखेच. कोणाचा नवरा आत, कोणाची माय आत.

लोक देवाला काय काय मागतात. मी दीड वर्ष एकच मागत होते, माझ्या पोराला पुन्हा लघवी होऊ दे! हसू नका. किडन्या बसल्या की तीही हळूहळू आटते. विलासची तर थेंबभरसुद्धा राहिली नव्हती.

मी शाळेत गेले नाही. हे माझी नात लिहून घेते आणि माझं बोलणं पुस्तकासारखं सरळ करते. मी तिला म्हटलं, "माह्यं कर बाई सरळ. पण बाकीचे जसे बोलले तसेच ठेवजो. नाई तं मजा जाते!"

*

सुरुवात पायांपासून झाली. विलासचे पाय सुजले. मंगलाला वाटलं चप्पल लहान झाली, तर तिनं मोठ्या नंबरची नवी आणून दिली! मग तोंडही सुजलं. तोंडाला काही मोठी चप्पल घालता येईना, म्हणून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाई वयानं लहान, पण बसवून नीट समजावणाऱ्या. म्हणाल्या, बीपी कधीचं वाढलेलं होतं, कोणी मोजलंच नाही. वर विहिरीतून मोटारी ओढून ओढून याची कंबर दुखायची, तर हा दुकानातून गोळ्या आणून रोज खायचा. दोघांनी मिळून किडन्या संपवल्या.

"पण बाई, किडनी असते केवढी?" मी विचारलं.

"आजी, मूठ बंद करा. एवढीच. पाठीकडून, फासळ्यांच्या खालच्या टोकाशी, कण्याच्या दोन्ही अंगाला एकेक. वालाच्या दाण्यासारखी वाकलेली. आणि आत लाखो बारीक गाळण्या."

"गाळणी तं माह्या घरीही हाय. पत्ती वर राह्यते, चहा खाली पडते."

"तशी नाही आजी. ही रक्ताचे मोठे कण तेवढे आत धरते. बाकी पाणी, मीठ, साखर, कचरा, सगळं एकदम बाहेर सोडते. मग ते लांब बारीक नळीतून जातं, आणि जाता जाता कामाचं तेवढं वेचून परत रक्तात घेते. शेवटी उरते ती लघवी."

माझ्या डोळ्यांपुढे आमचं अंगण आलं. "म्हंजे दिवाळीची साफसफाई! घरातलं सारं आंगनात काढाचं, अन् कामाचं तेवढंच आत न्याचं!"

"अगदी तसंच! फक्त तुम्ही वर्षातून एकदा करता. ही दिवसरात्र तेच करत असते. आणि वरून बीपी सांभाळते, रक्त वाढवायचा निरोप हाडांना देते, ते वेगळंच."

मी माझ्या मुठीकडे बघितलं. "बाप्पा! मंग थकन नाई तं काय!"

*

विलासला मात्र गाळणीपेक्षा पाइपलाइनचं जास्त कौतुक.

डॉक्टरबाईंनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. दोन किडन्या, त्यांतून निघणाऱ्या दोन लांब नळ्या, आणि खाली लघवीची पिशवी. हा मेकॅनिक माणूस. चित्राजवळ जाऊन असा उभा राहिला, जसा कोणाच्या विहिरीवर उभा राहतो.

"म्याडम, वरून खाली उतारानं येत असन ना पाणी?"

"नाही. तुम्ही आडवे झोपलात तरी येतं. खाली डोकं वर पाय केलेत तरी येणार."

"मंग मोटर कोठी हाय?"

"मोटर नाही. नळीच स्वतःला आवळते. वरून खाली एकामागे एक लाट येते आणि थोडी थोडी लघवी पुढे ढकलते."

विलासनं चित्रातली नळी बोटानं पिशवीपर्यंत नेली. मग त्यानं शेवटचा प्रश्न विचारला, "पिशवी भरली की पाणी उलटं वर काऊन जात नाई? व्हॉल्व तं दिसून नाई राह्यला."

"नळी पिशवीत सरळ घुसत नाही, भिंतीतून तिरपी जाते. पिशवी भरत आली की भिंतच नळीला दाबून बंद करते."

परतीच्या एसटीत हा काही बोलेना. मला वाटलं, पोरगं खचलं. हिंगणघाट गेलं, तरी गप्प. आमचा फाटा जवळ आला तेव्हा माझ्या खांद्याला हलवून म्हणाला, "माय, इतके वर्सं मी लोकायचे व्हॉल्व बदलून राह्यलो. अन् ज्यानं हे बसवलं, त्यानं व्हॉल्वच ठेवला नाई. मिस्तरी पाह्य कसा हाय!"

*

आमच्या बाकड्यावर श्रीमंती वेगळी मोजली जायची. ज्याला अजून थोडी लघवी होते, तो श्रीमंत! नालवाडीचे नामदेवराव त्यातले. भाजीपाला पिकवणारे म्हातारे गृहस्थ, पिढ्यान्‌पिढ्या वांगी-टमाटे बाजारात नेणारे. त्यांना अजून अर्धा गिलास व्हायची. सगळे त्यांच्याकडे असं पाहायचे, जसं बंगलेवाल्याकडे पाहतात. पुढे त्यांचीही आटली. त्या दिवशी ते बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "गेली बा आपली जहागिरी."

पण हा किस्सा त्याच्या आधीचा. आत जायच्या अगोदर वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं तेवढं पाणी अंगात साचलं, असा हिशोब. पाणी साचलं की आधी पाय सुजतात, मग दम लागतो. म्हणून प्यायचं पाणी बेतानं. आणि हे सगळं वर्ध्याच्या मे महिन्यात!

नामदेवराव काट्यावर चढले. शोभा सिस्टर तिथल्या जुन्या, गोड बोलून मुसक्या आवळणाऱ्या. त्यांनी आकडा पाहिला आणि भुवया वर केल्या.

"काका, इतकं?"

नामदेवरावांनी टोपी काढली. मग चष्मा काढला. मग खिशातला मोबाइल काढला.

"काका, टोपीत पाणी भरून आणलं होतं काय? किती पेले, खरं सांगा."

"देवाशपथ सिस्टर, तुमी सांगतला तेवढाच गिलास. एक घोट वर नाई."

बाकड्यावरून त्यांची बायको ओरडली, "अवो, टरबूज सांगा ना! अख्खं टरबूज!"

"टरबूज पेलो नाई, खाल्लं!" नामदेवराव ठासून म्हणाले.

शोभा सिस्टर रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग उद्यापासून काका, पाणीपण खात जा. चावून चावून!"

तर या माणसानं ते खरंच केलं! गिलासातल्या पाण्याचा बर्फ करायचा आणि एक एक खडा तोंडात धरून दिवस काढायचा. पुढच्या वेळेला वजन बरोबर. सिस्टरनी सगळ्या वॉर्डाला तीच युक्ती शिकवली, "नामदेव काकाचं औषध" म्हणून.

*

माझा भाऊ कारंज्याकडचा. स्वतःची संत्र्याची बाग. भाच्याला बघायला आला तो थैला भरून संत्री घेऊन. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं कोणी जातं का? मशीनला लावलेल्या माणसांच्या माना थैल्याकडे वळल्या. सगळ्या खोलीत वास सुटला.

शोभा सिस्टर धावत आल्या. "दादा, बाहेर न्या ते! यांच्यासाठी विष आहे."

भावाला राग आला. "माह्या बागेतलं संत्र अन् विष? लोकं नागपूरवरून येतात घ्याले!"

डॉक्टरबाई तिथेच होत्या. म्हणाल्या, "मामा, संत्र चांगलंच आहे. त्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. जास्तीचं झालं की आपली किडनी मुकाट्यानं बाहेर टाकते. यांची टाकत नाही. ते रक्तात वाढलं तर चालता चालता हृदय बंद पडू शकतं."

भाऊ थैला घेऊन बाकड्यावर येऊन बसला. विचार करत राहिला.

"म्हंजे बाई," तो मला म्हणाला, "लहानपनापासून मी निरी बागच खाल्ली. अन् माह्या जिवावर आलेलं ते सारं निस्तरलं कोनं? किडनीनं?"

"हाव, तिनंच."

त्यानं हात मागे नेला, स्वतःच्या पाठीवर कमरेच्या वर दोनदा थोपटलं, आणि म्हणाला, "शाबास वं!"

*

डायलिसिसवाल्यांचा रामरामही वेगळा असतो. त्यांच्या हातात ऑपरेशन करून एक मोठी रक्तवाहिनी बाजूच्या शिरेला जोडतात. त्या जागी रक्त जोरात वाहतं. बोट ठेवलं की आत भुंगा फिरल्यासारखं लागतं. भुंगा थांबला, म्हणजे वाट बंद झाली, मशीन लावता येणार नाही. म्हणून सकाळी भेटले की ही मंडळी एकमेकांना विचारायची, "काऊन गा, वाजते का?"

"वाजते, वाजते!" की मग चहा.

कमलाबाई गोंड समाजातली, जंगलाकडच्या गावची. मुलीशी स्वतःच्या बोलीत बोलायची, आमच्याशी मराठीत. तिचा हात नवीन जोडलेला. पहिल्यांदा भुंगा लागला तेव्हा तिनं माझा हात ओढून त्यावर ठेवला.

"पाह्य वं माय. मोहोळ असलेल्या झाडाले कान लावला की असंच वाजते. आमी लहानपनी असंच मोहोळ शोधत होतो."

त्या हाताला खूप जपावं लागतं. त्यावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचायची नाही, उशाशी घेऊन झोपायचं नाही. एकदा नवीन पोरगी शिकायला आली होती. ती बीपीचा पट्टा घेऊन बरोबर त्याच हाताकडे गेली. कमलाबाई एरवी तोंडातून शब्द न काढणारी. पण अशी ओरडली की सगळे मशीनवाले दचकले:

"ए पोरी! मोहोळाले हात नको लावू! उठन ना!"

दुसऱ्या दिवशी शोभा सिस्टरनी तिच्या पलंगाच्या डोक्याशी खडूनं मोठं मोहोळ काढून ठेवलं. त्यानंतर कोणी चुकलं नाही.

*

आता माझी गोष्ट.

डॉक्टरबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, कपाटाएवढी ही मशीन चार तास घरघरते, पण मुठीएवढ्या किडनीचं थोडंसंच काम तिला जमतं. खरा उपाय म्हणजे कोणाची तरी किडनी. मंगला लगेच उठून उभी राहिली. पण तिला शुगर, तिची चालेना. राहिले मी. रक्तगट जुळला.

तर पोरगा अडला! "मायची घेनार नाई," म्हणाला. "काही म्हना."

मी म्हटलं, तू अड. मी तपासण्या करत राहते. त्यात एक तपासणी अशी की दिवसरात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये जमा करायची आणि दवाखान्यात न्यायची. त्यावरून किडन्या कशा चालतात ते कळतं. मी इमानदारीनं जमा केली. झाकण घट्ट लावलं, कॅन पदराखाली घेतली आणि सकाळच्या एसटीत बसले.

हिंगणघाटला एक बाई बाजूला येऊन बसली. तिची नजर पदराबाहेर आलेल्या कॅनवर.

"करडीचं हाय का वं?"

मी म्हटलं, "काय?"

"तेल. पिवळं कसं सुरेख दिसून राह्यलं! घान्याचं हाय वाटते?"

आता भर एसटीत मी काय सांगू? म्हटलं, "घरचंच हाय."

"मंग तं अस्सलच असन. थोडं द्याचं का? मी बाटली आनतो, तठी उतरल्यावर."

"नाई बाई, विकाचं नाई. पोरासाठी नेऊन राह्यली."

"हाव, बरोबर हाय," ती बाई म्हणाली. "मायनं पोराच्या आधी दुसऱ्याले द्यावंच काऊन!"

चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. "आजी, तुमच्या किडन्या एकदम फर्स्ट क्लास!" मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक तर एसटीतच पटलं होतं!

*

विलास तरी ऐकेना. बोलणंच टाकलं त्यानं. मशीनवर पडला की छताकडे बघायचा. मंगला रडून थकली. नामदेवराव शेजारच्या पलंगावरून समजावून थकले.

"तुह्यं वय काय माय," तो शेवटी म्हणाला. "सारी जिंदगी कापूस वेचला, निंदन केलं. आता पोट फाडून मले देशीन? मले तोंड कोठी लपवाचं?"

मी डॉक्टरबाईंना एक गोष्ट विचारून ठेवली होती. ती त्या दिवशी काढली.

"विलास, तू माह्या पोटात होता, तवा तुह्या रक्तातला कचरा कोठी जात होता?"

त्यानं छतावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"सांगतो मी. नाळेतून माह्या रक्तात येत होता, अन् माह्याच किडन्या तुह्यं माह्यं दोघायचं साफ करत होत्या. म्याडमले विचार."

डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे."

"नऊ महिने फुकट वापरल्या," मी म्हटलं. "तवा मले विचारलं होतं काय रे? तवा लाज नाई वाटली?"

शेजारच्या पलंगावर नामदेवरावांना असं हसू आलं की त्यांच्या मशीनची घंटी वाजायला लागली. विलासनं तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. हसत होता की रडत होता ते मला दिसलं नाही. पण हात मागे आला, आणि माझा पदर धरला.

*

ऑपरेशन नागपूरला होतं. त्याआधी एक कमिटी बसते. समोर मोठमोठे डॉक्टर, साहेब लोक, आणि एक कॅमेरा. कोणी पैशासाठी, कोणी भीतीपोटी किडनी देत नाही ना, ते बघायला. चांगली पद्धत आहे, मला पटली.

एका साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "आजी, घाबरू नका. या प्रकरणात कोणी जबरदस्ती केली का?"

"हाव, केली ना."

सगळे एकदम सरळ होऊन बसले. कॅमेरावाल्यानं कॅमेरा जवळ आणला. बाहेर मंगलानं डोक्याला हात लावला असेल!

"कोणी केली? स्पष्ट सांगा."

"मी केली. त्याच्यावर! घेतच नव्हता, विचारा त्याले!"

*

ऑपरेशन झालं. मला दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. डोळे उघडले तर मोठे डॉक्टर समोर.

"आजी, तुमची किडनी फार कामाची. रक्त जोडलं, ती गुलाबी झाली, आणि तिथेच टेबलावर लघवी सुरू! आम्ही सगळे बघत उभे राहिलो."

त्यांनी सांगितलं की नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, पुढे ओटीपोटात उजव्या अंगाला बसवतात. जुन्या काढत नाहीत, राहू देतात जागच्या जागी. विलासला तर हे फारच आवडलं. "जुनी मोटर हिरीतच राहू देली, नवी बाजूले सोडली! कमी खर्चाचं काम."

म्हणजे आता त्याच्याजवळ तीन, आणि माझ्याजवळ एक. आणि माझी ती एकटीही हळूहळू थोडी मोठी होऊन दोघींचं काम ओढून नेते म्हणे! मी मंगलाला म्हटलं, "पाह्य, कशी गुनाची हाय. एकटी पडली तं दोघीचं करते."

मंगला म्हणाली, "आत्याबाई, मीही दीड वर्स तेच करून राह्यली. मले कोनी शाबास नाई म्हनलं!"

टाके दुखेपर्यंत हसले मी. आणि मग तिची पाठ थोपटली, माझ्या भावानं स्वतःची थोपटली होती तशी.

*

दवाखान्याच्या जवळ खोली घेऊन आम्ही काही आठवडे राहिलो. मग घरी जायची परवानगी मिळाली. निघताना डॉक्टर म्हणाले, "पाणी भरपूर प्यायचं. पिशवी इतके दिवस रिकामी होती, आखडली आहे. सुरुवातीला घडी घडी जावं लागेल. हळूहळू ताणेल."

गर्दीत बसायचं नाही म्हणून भाड्यानं गाडी केली. ड्रायव्हर नागपूरचा, घाईतला. त्याला दुपारी दुसरं भाडं होतं.

बुटीबोरी गेली आणि विलास म्हणाला, "भाऊ, थांबवजो जरा."

थांबवली. तो उतरला, आला, गाडी निघाली. बाटली काढून घटाघटा पाणी प्यायला. मंगला त्याच्या घशाकडे बघत होती. दीड वर्षात तिनं त्याला असं पिताना पाहिलं नव्हतं.

थोडं पुढे गेलो. "भाऊ, थांबवजो."

ड्रायव्हरनं थांबवली. घड्याळ बघितलं.

जामच्या अलीकडे तिसऱ्यांदा. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आजी, भाऊचा पोट खराब है क्या? मेरेको दूसरा भाडा है."

"थांबव बाप्पा," मी म्हटलं. "जितक्यादा म्हनन, तितक्यादा थांबव."

जामचा चौरस्ता मागे गेला, समुद्रपूरच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कापूस उभा. पुन्हा आवाज, "भाऊ..."

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. "आदमी है के टाकी है!"

विलास उतरला. बांधावरच्या बाभळीमागे गेला. मी आणि मंगला काच खाली करून बसलो. बराच वेळ झाला, हा येईना. मग त्याचा आवाज ऐकू आला. कोणाशी तरी फोनवर बोलत होता. फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला, म्हणून पलीकडचंही आमच्यापर्यंत येत होतं. त्या दिवशी आमच्या जुन्या मंडळींची मशीनची पाळी होती.

"नामदेवराव, विलास बोलून राह्यलो. गप राहा जरासक. आयका."

पलीकडे वॉर्डातल्या मशीनांची घरघर. मग नामदेवरावांचा आवाज, "काय आयकू गा?"

"आयका तं खरं."

विलासनं फोन खाली धरला.

वाळलेल्या पाल्यावर धार वाजू लागली. मग तिकडून म्हातारा जोरात ओरडला, "सिस्टर! ओ सिस्टर! कमलाबाई! अठी या, विलासच्या फोनले कान लावा!"

तिकडे खुर्च्या सरकल्या. शोभा सिस्टरचा आवाज आला, कमलाबाई तिच्या बोलीत मुलीला काहीतरी भराभर सांगत होती, कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून मागे वळला. मंगलाच्या डोळ्यांना पदर. मी पोटाच्या टाक्यांवर हात दाबून हसते आहे.

"आजी," तो म्हणाला, "वो झाड के पीछे किसको क्या सुना रहे?"

मी काही सांगणार, तेवढ्यात बाभळीमागून विलास म्हणाला, "ठेवू का आता नामदेवराव? झालं."

आणि फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज साऱ्या कापसावरून आला:

"बंद नको करजो गा! पानी पे अजून! आमी लाइनवरच हावो!"